मुरुमाची वाट

साठी उलटून गेलेल्या माणसानें सायकलवर बसून डोंगर चढावे, ही गोष्ट आमच्या घरांत कोणासच रुचली नाहीं. वहिनींनीं देवघरांतूनच विचारलें, "भावोजी, नातवंडांना सायकल शिकवायच्या वयांत हें काय नवें?" आमच्या सौभाग्यवतींनीं तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं, फक्त औषधांची डबी आणि गुडघ्याचा पट्टा आणून आमच्या पुढ्यांत ठेवला. विरोधाचा हा प्रकार चाळीस वर्षें संसार केलेल्या वाचकांस परिचित असेल.

या सर्व खटाटोपास कारण आमचा पुण्याचा पुतण्या. तो संगणकाच्या धंद्यांत आहे. पांच दिवस कांचेच्या इमारतींत बसतो आणि उरलेले दोन दिवस, ज्या वाटेनें कोणी जात नाहीं ती वाट शोधीत सायकलवरून हिंडतो. या छंदास त्याच्या मंडळींत 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात. आणि अंथरूण, पांघरूण, शिधा हें सर्व सायकललाच बांधून दोनचार दिवस असा प्रवास केला म्हणजे त्यास 'बाइकपॅकिंग' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी किंवा मुरूम. डांबरी सडक टाळून रानांतल्या आणि डोंगरांतल्या कच्च्या रस्त्यांनीं जावयाचें, एवढाच त्याचा अर्थ. मित्राची एक सायकल मागून आणून त्यानें ती आमच्यापुढें उभी केली आणि म्हणाला, "काका, तुम्ही तीस वर्षें सायकलवरून शाळेंत गेलांत. तुम्हांला जमेल."

बेत असा होता: शनिवारीं पहाटे साताऱ्याहून निघावें, बोगद्यांतून सज्जनगडाच्या बाजूनें ठोसेघर गांठावें, तेथून चाळकेवाडीच्या पठारावर चढून डोंगराच्या माथ्यामाथ्यानें दक्षिणेस जावें, वाटेंत एक मुक्काम करावा आणि रविवारीं पाटणास उतरावें. हा डोंगर म्हणजे भूगोलाच्या जुन्या पुस्तकांतली बामणोली-घेरादातेगडची रांग. महाबळेश्वराच्या बाजूनें निघून ती सह्याद्रीच्या मुख्य कण्याशीं समांतर अशी दक्षिणेस जाते, आणि दोहोंच्या मधल्या खोऱ्यांतून कोयना वाहते. हा नकाशा आम्हीं फळ्यावर अनेक वर्षें काढला. परंतु पुतण्यानें मोबाईलच्या पडद्यावर वाटेची रेघ दाखविली तेव्हां आमची नजर रेघेवर नव्हती. तिच्या जरा बाजूस, जेथें कसलेंच नांव छापलेलें नव्हतें, तेथें होती. त्या जागीं एक वाडी आहे. नोकरीचीं आमचीं पहिलीं दोन वर्षें, १९८२ ते १९८४, त्या वाडीवरच्या शाळेंत गेलीं. तेथून बदली करून घेतल्यावर आम्हीं तिकडे पुन्हा पाऊल टाकलें नव्हतें. कां, तें पुढें येईलच.

प्रथम या वाहनाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आमच्या पिढीची सायकल म्हणजे काळी, भारी, मागें कॅरिअर आणि दोन्ही चाकांत दगडासारखी टणक हवा भरलेली. या नव्या सायकलीचे टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद असतात आणि हवा दर चौरस इंचास ३० ते ४० पौंड इतकीच. मऊ चाक जड चालेल अशी आमची समजूत होती. खडबडीत वाटेवर ती खोटी ठरते. टणक चाक खड्यावर आदळलें म्हणजे सायकल आणि स्वार दोघांनाही उचलून आपटतें, आणि त्या प्रत्येक उचलण्यांत पायांचे श्रम वायां जातात. मऊ चाक तोच खडा आपल्या पोटांत घेऊन पुढें सरकतें. आंत ट्यूब नसते. तिच्या ऐवजीं चिकासारखा एक द्रव असतो, आणि कांटा मोडला कीं तो छिद्रापाशीं येऊन थिजतो. आमच्या सायकलीस पुढच्या दांतेरी चक्रावर ४० दांते होते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर ४२. म्हणजे पायडल पुरता एक फेरा फिरलें तरी मागचें चाक तेवढेंही फिरत नाहीं. वेग जातो, पण चढ पायांस झेपतो. कॅरिअर मुळींच नाहीं. एक पिशवी मुठींपुढें, एक दांड्यांच्या त्रिकोणांत, एक बैठकीखालीं. पुतण्यानें मोजून मापून जें भरलें त्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं दशम्या, मेतकूट आणि दाण्याचे लाडू आयत्या वेळीं घुसविले. पुढें त्यांचाच उपयोग सर्वांत अधिक झाला.

कार्तिकांतली पहाट. संध्या आटोपून निघालों तेव्हां अंधार होता. बोगदा ओलांडला आणि गार वाऱ्याचा झोत अंगावर आला. सज्जनगड उजळूं लागला होता. खालूनच समर्थांना नमस्कार केला आणि पुढें झालों. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंच आहे आणि पठार ११०० मीटरांहून अधिक; हा सर्व फरक पायांनीं भरून काढावयाचा. पुतण्या पुढें जाई आणि वळणावर थांबून आम्ही दिसेपर्यंत वाट पाही. ठोसेघरच्या धबधब्याचें पाणी ओसरूं लागलें होतें, तरी दरींतून त्याचा आवाज येत होता. तेथें पहिली दशमी सुटली.

चाळकेवाडीच्या वर आलों आणि एकदम झाडें संपलीं. तांबूस काळा कातळ, त्यावर वाळूं लागलेलें गवत, आणि क्षितिजापर्यंत पवनचक्क्यांच्या रांगा. हा कातळ जांभ्याचा. लक्षावधि वर्षांच्या उन्हापावसानें मूळच्या काळ्या दगडांतली वाळूसारखी सिलिका धुवून नेली आणि लोखंड व ॲल्युमिनिअम मागें राहिलें. लोखंड गंजलें आणि दगड तांबडा झाला. बुकानन नांवाच्या इंग्रज नोकरींतल्या वैद्यानें १८०७ साली मलबारांतील असाच दगड पाहून, विटेच्या लॅटिन शब्दावरून त्यास लॅटराइट हें नांव दिलें. पावसाळ्यांत या कातळाच्या इंचभर मातींत नाजूक फुलांचे गालिचे फुलतात. म्हणून पायीं जा वा सायकलवर, आंखलेली वाट सोडून सड्यावर जाऊं नये. एका चाकाच्या ओळीनें पुढल्या वर्षीचीं फुलें जातात.

येथून पुढें मुरुमाचे रस्ते लागतात. ते कोणा प्रवाशाच्या सुखासाठीं झालेले नाहींत. गेल्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांवर पवनचक्क्या आल्या. त्यांचीं लांबलचक पातीं वर आणण्यास रुंद वळणें आणि पक्की बैठक लागली, म्हणून डोंगर खरवडून या वाटा काढल्या. जगांतल्या बहुतेक अशा वाटांचें मूळ असेंच आहे. अमेरिकेंत रॉकी पर्वताच्या कण्यावरून सुमारें तीन हजार मैलांचा जो कच्चा सायकलमार्ग आतां प्रसिद्ध आहे, त्यांतले कित्येक रस्तेही मुळांत लांकूडतोडीसाठीं आणि खाणींसाठीं झालेले. संस्कृतांत 'मार्ग' हा शब्द मृगापासून आला; श्वापदाच्या मागोमाग जें शोधीत जावयाचें तो मार्ग. आज श्वापदाच्या जागीं यंत्र आलें आहे, इतकेंच.

एका पवनचक्कीच्या सावलींत विसांव्यास बसलों असतां जवळच्या दगडावर एक सरडा येऊन बसला. हात लांबविला असता तर पोंचला असता, इतका जवळ. या सरड्याची कथा ऐकण्यासारखी आहे. विणीच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्यांत, याचा नर गळ्याखालीं निळा, काळा आणि नारिंगी असा पंखा उघडून मिरवतो. २०१६ साली संशोधकांनीं या गटास वेगळें शास्त्रीय नांव दिलें, आणि तें नांव कोणतें? तर आपला मराठी शब्द, 'सरडा'. चाळकेवाडीचा हा सरडा त्यांतलाच. २०१८ साली याच पठारावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, पवनचक्क्यांच्या भागांत शिकारी पक्षी सुमारें चौपटीनें कमी आहेत; त्यामुळें सरडे वाढले आहेत आणि ते निर्धास्तही झाले आहेत. घारींचें अनहित तें सरड्यांचें हित. एका वाटेचा अर्थ सर्वांस सारखा नसतो, हा धडा त्या दगडावरच आम्हांस मिळाला होता. परंतु त्या वेळीं तो ध्यानांत आला नाहीं.

पुढची सहासात मैलांची मजल आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. पश्चिमेस कोयनेचें खोरें धुक्यानें भरलेलें, पूर्वेस उन्हांत सोनेरी झालेलीं शेतें, वर पात्यांचा घूं घूं असा आवाज आणि खालीं चाकांखालीं मुरूम चरचरत आहे. मोटारींत हें ऐकूं येत नाहीं आणि पायीं चालणारा इतकें अंतर काटीत नाहीं. पुतण्या आमच्या बरोबरीनें येऊन म्हणाला, "काका, हा रस्ता असाच राहिला पाहिजे. एकदां डांबर पडलें कीं मोटारी आल्या, हॉटेलें आलीं, संपलें सगळें." आम्हींही मान डोलाविली. खोटें कशाला बोला, तें आम्हांस अगदीं पटलें होतें.

पटलें तरी मास्तराची जीभ गप्प बसत नाहीं. आम्हीं त्यास म्हटलें, "बाबारे, सायकलवाल्यांचा इतिहास उलटा आहे. १८८० साली अमेरिकेंत सायकलस्वारांनीं संघ स्थापिला, आणि चिखलखड्यांस कंटाळून चांगल्या सडकांसाठीं सर्वांआधीं चळवळ केली ती त्यांनीं. पुढें १८९७ साली तेथील वीस निग्रो शिपायांची तुकडी सायकलवरून मोंटाना प्रांतांतून सेंट लुईस शहरीं गेली. १,९०० मैल आणि ४१ दिवस. चिखल इतका कीं, कित्येकदां रुळांच्या फळ्यांवरून सायकली हांकाव्या लागल्या. आपल्या मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं जगप्रवासास निघाले. त्यांतले तिघे, आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा, सुमारें ४४,००० मैल तुडवून १९२८ साली परत आले. इराण, इराक, सिनाईचें वाळवंट. त्यांना खडबडीत वाट हवी होती म्हणून नव्हे, दुसरी नव्हती म्हणून." पुतण्या हंसला. "म्हणजे आजोबांनीं मागितलेली सडक नातवाला नको झाली," तो म्हणाला. वाक्य चांगलें होतें. आम्हींही हंसलों.

तिसरे प्रहरीं तो फांटा आला. आम्हीं सायकल थांबविली आणि पुतण्यास सांगितलें कीं, मुक्काम ठरल्या ठिकाणीं न करितां दोन मैल आंत करूं. त्यानें कारण विचारलें नाहीं.

ही आडवाट पवनचक्क्यांच्या रस्त्यासारखी नव्हती. मध्यें पावसानें हातभर खोल चर पाडलेले, दोन ठिकाणीं मुरूम समूळ वाहून गेलेला. उतरून सायकली हातीं धरून चालावें लागलें. वाडी होती तेथेंच होती. पंचवीसतीस घरें, निम्म्यांना कुलूप, माणसें मुंबईस. शाळेच्या ओसरीपाशीं पुतण्यास आम्हीं कांहीं सांगत होतों, इतक्यांत कुंपणापलीकडून एक पन्नाशीचा गृहस्थ विळा हातांत घेऊन आला, क्षणभर ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी न्हवं? आवाज वळखला."

त्यास पाहून आमचे पाय थिजले. आतां तें कारण सांगितलें पाहिजे.

१९८३ चा आषाढ होता. पाऊस आठ दिवस थांबला नव्हता. रात्रीं दहाच्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याची आई बाळंतपणांत अडली. चार जणांनीं वेळूस घोंगडी बांधून डोली केली. आम्हीं कंदील घेतला आणि पुढें झालों. खालची सडक नऊ मैल, आणि सगळी पाऊलवाट. घसरत, थांबत, खांदे बदलीत चाललों. अर्ध्यावर एक ओढा आहे. तेथें पोंचलों तेव्हां डोलींतला आवाज थांबला होता. ओढा ओलांडण्याचें मग कारण उरलें नाहीं. उजाडेपर्यंत आम्ही पांच जण तेथेंच बसून राहिलों.

तो मुलगा तिसरींत होता. तेरावा होऊन गेल्यावर पाटी घेऊन आला आणि पहिल्या रांगेंत आपल्या जागीं बसला. त्याच्याकडे पाहून शिकविणें आम्हांस जमेना. दिवाळीच्या सुटींत आम्हीं बदलीचा अर्ज केला. कारण लिहिलें, "येथील हवा प्रकृतीस मानवत नाहीं." हवा उत्तम मानवत होती. हें खरें कारण आम्हीं आजवर घरींही कोणास सांगितलें नव्हतें.

विळा घेऊन आलेला गृहस्थ तोच मुलगा.

त्यानें आमचें पाहुणपण मोठ्या आनंदानें केलें. अंगणांत घोंगडी अंथरली, गरम पाणी दिलें, नाचणीची भाकरी, पिठलें आणि दह्याची वाटी पुढें ठेवली. आम्ही गेल्यावर शाळेस दीड वर्ष मास्तर मिळाला नाहीं. मग मामानें त्यास मुंबईस नेलें, बाजारांत ओझीं वाहिलीं, आई गेली त्या घरांत बाप एकटा नको म्हणून परत आला. हें त्यानें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसें सांगितलें. मग पुतण्यानें वाटेची चौकशी केली. तेव्हां कळलें कीं, पवनचक्कीच्या रस्त्यापासून वाडीपर्यंतचा मुरूम वाडीच्या लोकांनीं श्रमदानानें टाकलेला आहे. दर पावसाळ्यांत तो वाहून जातो आणि दर दिवाळीनंतर ते तो पुन्हा टाकतात. कोरड्या दिवसांत १०८ ची गाडी फांट्यापर्यंत येते. कधीं दारापर्यंतही येते. पावसांत चाक रुततें.

"मग पावसांत काय करतां?" पुतण्यानें विचारलें.

"डोली हाय की अजून," तो म्हणाला. थोडें थांबून घराकडे पाहून म्हणाला, "सून पोटुशी हाय. दिस माघात भरत्यात. कोरड्यात आलं, देवाची किरपा."

पुतण्या पुढें कांहीं बोलला नाहीं. अंगणांत त्याच्या सायकलीभोंवतीं मुलें जमलीं होतीं. एकानें किंमत विचारली. त्यानें "बरीच आहे" म्हटलें, आणि मुलांस पाळीपाळीनें बसवून अंधार पडेपर्यंत अंगणांत फिरविलें.

रात्रीं ओसरीवर आम्ही दोघेच उरलों तेव्हां आम्हीं त्या गृहस्थास चाळीस वर्षांपूर्वींच्या अर्जाची हकीकत सांगितली. आम्हीं म्हटलें, हवेचें कारण खोटें होतें.

"ठावं हाय, गुरुजी," तो म्हणाला. "त्या दिसापासनं तुम्ही माझ्याकडं बघायचं सोडलं व्हतं."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानें घोंगडीची घडी आमच्या पायांवर सारखी केली आणि तो निजावयास गेला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. सबंध दिवस ज्या वाटेचें आम्हीं कौतुक केलें तीच ही वाट, आणि जिच्या धाकानें पळून गेलों तीही हीच. फरक वाटेंत नव्हता. खडबडीत वाट ज्याला सोडून जातां येते त्यालाच ती गोड लागते. ज्याला तिच्याच शेवटीं राहावयाचें आहे त्याला ती पावसाळ्याचे दिवस मोजावयास लावते. आम्ही एकदां अर्ज लिहून निघून गेलों होतों, आणि सकाळीं सायकलवर बसून पुन्हा जाणार होतों. रानांतल्या वाटांनीं हिंडूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. हिंडावें, तरुणांनीं अवश्य हिंडावें; ज्या मैलांचा आनंद आम्हीं वर वर्णिला त्यांतला एकही शब्द आम्ही परत घेत नाहीं. फक्त ती वाट तशीच राहावी असें म्हणण्यापूर्वीं तिच्या टोंकाशीं कोण राहतें, हें एकदां जाऊन पाहावें.

सकाळीं निघालों. तो फांट्यापर्यंत पोंचवावयास आला. जेथें मुरूम वाहून गेला होता तेथें पुतण्या थांबला, दोन्ही ठिकाणांचीं छायाचित्रें घेतलीं आणि लांबीरुंदी पावलांनीं मोजून मोबाईलमध्यें टिपून ठेवली. कशासाठीं, तें त्यानें सांगितलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं. पुढल्या मजलेंत दातेगडच्या बाजूचे डोंगर, उतारावरचीं भाताचीं खाचरें, आणि शेवटीं केरा नदी कोयनेस मिळते तेथलें पाटण, हें सर्व आम्हीं पाहिलें. पण त्याचें वर्णन पुन्हा केव्हां तरी.

फांट्यावर निरोप घेतांना तो गृहस्थ सायकलीच्या जाड चाकावरून हात फिरवीत म्हणाला, "गुरुजी, पुढल्या साली डांबर हुनार म्हनत्यात. झालंच तर तुमच्या ह्या सायकलीला चालंल का?"

आम्ही बोलण्यापूर्वींच पुतण्या म्हणाला, "चालेल."